दुपारी अडीचचा अनिरुद्ध

(ग्रुप: सोसायटी – फक्त कामाचे मेसेज)

शिंदे, बी-३०२: नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत रात्रपाळीला असतो हे बऱ्याच जणांना माहीत आहे. आंघोळ-जेवण उरकून पडायला बारा वाजतात. रोज दुपारी अडीचला खालच्या कुठल्या तरी टीव्हीवर एक माणूस ओरडायला लागतो. त्यातलं 'अरुंधती' एवढंच मला कळतं. कृपया आवाज कमी ठेवावा.

सुतार वहिनी, बी-२०२: भाऊजी, आमच्यातच ओ. माफ करा. आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, कमी ऐकू येतंय आणि कानाचं मशीन लावायला तयार नाहीत. नातवानं जिओहॉटस्टारवर 'आई कुठे काय करते' ही मालिका पहिल्या भागापासनं लावून दिलीय. ओरडतो तो अनिरुद्ध, त्यातल्या अरुंधतीचा नवरा. शेवटी शेवटी ती अडीचला लागायची, ती वेळ त्यांच्या डोक्यात बसलीय. आता मोबाईलवर कधीही बघता येतंय म्हटलं तरी अडीचलाच बसतात.

चव्हाण, बी-४०१: शिंदे भावा, तू झोपेत त्याला शिव्या घाल. आम्ही पाच वर्षं जागेपणी घातल्या.

माने (चेअरमन): ग्रुपवर फक्त कामाचे मेसेज. पाण्याची टाकी सोमवारी सकाळी धुणार आहे, रविवारी रात्री पाणी भरून ठेवावे.

ऋतुजा, सी-१०४: अडीचला? ती साडेसातला नव्हती का? आमच्या घरी तेव्हाच कुकर लागायचा.

सुतार वहिनी, बी-२०२: २०२४ च्या मार्चात दुपारी टाकली गं. संपली त्याच वर्षी नोव्हेंबरात. सुरू झालेली २०१९ च्या डिसेंबरात, लॉकडाऊनच्या आधी. चौदाशेच्या वर भाग आहेत. आत्ती आत्ता अरुंधतीच्या घटस्फोटाच्या पुढं आल्यात.

देसाई काका, सी-३०१: विषय निघालाच आहे तर बोलतो. सुरुवातीला मीही घरच्यांबरोबर बसून बघत होतो. पण पंचवीस वर्षं संसार केलेल्या बाईनं, मोठी मुलं आणि सून घरात असताना, दुसरं लग्न करायचं आणि आपण ते जेवताना बघायचं, हे मला पटलं नाही. ही आपली संस्कृती नव्हे. बघणाऱ्या बायकांच्या डोक्यात काय जातं याचा विचार चॅनेलनं करायला हवा होता.

सुतार वहिनी, बी-२०२: काका, दुसरं लग्न आधी अनिरुद्धनं केलं. संजनाशी. तेही जेवतानाच दाखवलेलं. ते तुम्ही मोजलंच नाही.

चव्हाण, बी-४०१: विषय हार्ड.

जोशी बाई, ए-४०१: देसाई, कोल्हापुरात राहून असं लिहू नये. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात पुनर्विवाहाचा कायदा केला, १९१९ मध्ये स्त्रियांच्या छळाविरुद्ध केला. त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्याकडच्या शेतकरी घरांत काडीमोड होत होती आणि पाट लावत होते. 'बाईनं एकदाच' हा नियम थोड्या घरांचा होता, पुढे तो सगळ्यांचा म्हणून सांगितला गेला. मी शाळेत हे शिकवत असे, तेव्हा पालकांच्या तक्रारी येत.

देसाई काका, सी-३०१: *हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे*

चव्हाण, बी-४०१: काका, डिलीट केलासा तरी वाचला आम्ही.

मुल्ला भाभी, ए-३०२: मला पण ते लग्न आवडलं नव्हतं, पण कारण वेगळं. अरुंधती घराबाहेर पडली, गायला लागली, स्वतःचे चार पैसे हातात आले. तेव्हा मी आणि माझी जाऊ रोज फोनवर बोलायचो. मग काय केलं, वाईट माणूस गेला म्हणून तिथं एक चांगला माणूस आणून उभा केला. एकटी बाई खुशीत राहतीय असं दाखवायला काय झालं होतं? आणि २०२३ ला लग्न लावलं, तर पुढं त्या आशुतोषला पण अपघातात मारून टाकलं. म्हणजे तिला नवरा द्यायचा पण तुम्हीच, न्यायचा पण तुम्हीच.

ऋतुजा, सी-१०४: भाभी, मला मात्र आशुतोष आवडायचा. तो मेला तेव्हा मी खरंच रडलो. एकटं राहणं म्हणजेच स्वातंत्र्य, असं कुणी ठरवलं? तिला कुणीतरी विचारतंय की तुला काय हवंय, हे तरी त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं ना. फक्त त्याचं ते 'सव्वीस वर्षं प्रेम मनात ठेवलं' जरा जास्तच झालं. आमच्या हॉस्टेलवरच्या मैत्रिणींत याच्यावर भांडणं व्हायची. एक म्हणायची किती गोड, दुसरी म्हणायची आधी ब्लॉक कर.

कांबळे मॅडम, सी-२०२: सगळे अरुंधतीबद्दल बोलताय. मला संजनाबद्दल बोलायचं आहे. मारू नका.

चव्हाण, बी-४०१: मॅडम, जपून. बी विंगमध्ये आत्ती आहेत.

कांबळे मॅडम, सी-२०२: असू देत. ती त्याच्या ऑफिसातली. नोकरी चांगली, नवरा होता, मुलगा होता. हे सगळं पणाला लावून ती त्या माणसासाठी वर्षानुवर्षं थांबली. तो रोज संध्याकाळी उठून आपल्या घरी जेवायला जायचा आणि हिला म्हणायचा, योग्य वेळ आली की सांगतो. शेवटी लग्न झालं, आणि तिला मिळालं काय? तोच स्वयंपाकघराचा उंबरा, त्याच सासूची, कांचनची, बोलणी, आणि वर नवऱ्याचं 'अरुंधती असतीस तर'. तिनं केलं ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण तो माणूस दोघींशी सारखाच वागला, आणि शिव्या एकटीला जास्त पडल्या. आमच्या बँकेत काउंटरवर बायका बोलायच्या त्या सगळ्या संजनालाच. अनिरुद्धला 'पुरुषच तो' म्हणून निम्मी माफी.

सुतार वहिनी, बी-२०२: मॅडम, आत्तींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, ह्या बाईला चहाला बोलव.

माने (चेअरमन): पुन्हा सांगतो, कामाचे मेसेज.

चव्हाण, बी-४०१: साहेब, तुम्हीच खाली पार्किंगमध्ये 'अनुपमा' मूळ की ही मूळ, असं विचारत होतासा.

माने (चेअरमन): ते वेगळं.

ऋतुजा, सी-१०४: दोन्हीही मूळ नाहीत सर. मूळ बंगाली, 'श्रीमोयी', २०१९ ची. मराठी त्याच वर्षी आली, हिंदी 'अनुपमा' २०२० च्या जुलैत.

चव्हाण, बी-४०१: कुठली का असंना. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून देतात तशी होती पहिली दोन वर्षं. पुढं नळ सोडला. त्यापेक्षा आपला राणादा बरा होता. 'तुझ्यात जीव रंगला' आपल्या वसगड्यात शूट झालेली, आम्ही गाडी घेऊन वाडा बघायला गेलो होतो. भांडण नाही, तंटा नाही. चालतंय की.

जोशी बाई, ए-४०१: चालतंय काय? तुमच्या राणादाला मारला आणि राजा राजगोंडा करून परत आणला. भाषा तेवढी आपली होती, ताणणं तेच.

चव्हाण, बी-४०१: पण त्यातल्या हिरो-हिरोईननं खऱ्या आयुष्यात लग्न केलं की २०२२ ला. एवढं तर द्या.

जोशी बाई, ए-४०१: दिलं.

सुतार वहिनी, बी-२०२: मी जरा लांब लिहिते, कुणाला वाचायचं नसेल तर सोडून द्या. आत्तींबरोबर दुसऱ्यांदा बघताना मला एक दिसलं. आत्ती अनिरुद्धला काहीच बोलत नाहीत. तो आला की फक्त तोंड वाकडं करतात. त्या चिडतात अरुंधतीवर. घटस्फोट झाला, संजना सून म्हणून त्याच बंगल्यात आली, आणि ही तिथंच स्वयंपाक करतीया. आत्ती रोज टीव्हीला विचारतात, "अगं तू अजून हितं कशाला?" मी म्हटलं, सासू-सासरे आहेत, मुलं आहेत, कुठं जाईल? तर म्हणाल्या, "मी पण हेच म्हणायचो." एवढंच. पुढं बोलल्या नाहीत. मामंजींबद्दल त्या घरात कधीच काही बोलत नाहीत, त्यामुळं मी पण विचारलं नाही.
मला वाटतं लोकांचं भांडण लग्न केलं का नाही केलं यावर नव्हतंच. काहींना ती निघाली म्हणून राग आला आणि काहींना ती निघूनसुद्धा निघाली नाही म्हणून. कारण पुढं वेगळ्या घरात गेली तरी दर चार दिवसांनी अनिरुद्ध दारात हजर. कधी मुलीचं काही, कधी सासऱ्यांचं, अप्पांचं, आजारपण. त्याला काढून टाकला असता तर मालिका बंद पडली असती.

कांबळे मॅडम, सी-२०२: खरंय. घटस्फोट कोर्टानं दिला, चॅनेलनं दिला नाही.

मुल्ला भाभी, ए-३०२: वा मॅडम!

ऋतुजा, सी-१०४: पण वहिनी, खऱ्यात तरी कुठं सुटतो? माझी मावशी वेगळी होऊन बरीच वर्षं झाली. दोघंही कोल्हापुरातच. कपिलतीर्थात भाजी घेताना समोर येतात, नात्यातल्या प्रत्येक लग्नात एकाच हॉलमध्ये. एकदा पंक्तीत वाढपी दोघांच्या मधोमध थांबला आणि कुणाला आधी वाढू ते त्याला कळेना. मुंबई-पुण्यात माणूस गायब होऊ शकतो, इथं नाही. म्हणून मला ते त्याचं सारखं दारात येणं खोटं नाही वाटलं.

ॲड. पाटील, ए-२०३: आत्ताच हायकोर्टाच्या सर्किट बेंचवरून आले, सगळं वाचलं. ऋतुजाचं बरोबर आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलम १३ ब, ते हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये आलं. अट अशी की अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे. पण वेगळं म्हणजे वेगळ्या घरात असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसतील तर ते वेगळे धरता येतात, असं सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्येच म्हटलंय. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी जणी अशाच राहत असतात. आतली खोली तिची, हॉलमधला दिवाण त्याचा, आणि मीठ संपलंय हा निरोप मुलाकरवी. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं, २०१७ पासून कोर्ट तेही माफ करू शकतं. म्हणजे कागद लवकर होतो. अडतं ते जायचं कुठं यावर.

सुतार वहिनी, बी-२०२: तेच म्हणत होते.

देसाई काका, सी-३०१: पण पाटील वहिनी, हल्ली सुनेला सासरच्या घरात राहायचा हक्क आहे ना? मग प्रश्न कुठे येतो?

ॲड. पाटील, ए-२०३: आहे काका. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली. २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. पण तो राहायचा हक्क झाला, मालकी नव्हे. आणि तो मिळवायला आधी भांडावं लागतं.

जोशी बाई, ए-४०१: आपल्या सोसायटीत किती फ्लॅट बायकांच्या नावावर आहेत, कुलकर्णी?

कुलकर्णी (सेक्रेटरी): बाई, रजिस्टर ऑफिसात आहे. पण पाहिल्याशिवाय सांगतो, फार नाहीत. नवीन घेतलेले जे आहेत त्यात नावं आहेत, मुद्रांक शुल्कात बाईला एक टक्का सवलत मिळते म्हणून.

चव्हाण, बी-४०१: प्रेम नाही तर नाही, एक टक्का तरी.

देसाई काकू, सी-३०१: कुलकर्णी भाऊजी, आमच्या शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव आहे का?

देसाई काका, सी-३०१: अगं, हे आपण घरात बोलू.

देसाई काकू, सी-३०१: मी घरातच आहे. तुम्ही गॅलरीत बसून टाईप करताय.

चव्हाण, बी-४०१: 🙏

कुलकर्णी (सेक्रेटरी): काकू, आठवतंय तेवढं सांगतो, काकांचं एकट्याचं आहे. तुमचं नाव नॉमिनी म्हणून आहे. सहयोगी सभासद व्हायचं असेल तर काकांचं शिफारसपत्र आणि एक फॉर्म द्या, समितीच्या पुढच्या मीटिंगला ठेवतो.

देसाई काकू, सी-३०१: त्यानं घर माझं होतंय का?

ॲड. पाटील, ए-२०३: नाही काकू. सहयोगी सभासदाचं नाव सर्टिफिकेटवर येतच नाही. काकांच्या वतीनं मीटिंगला बसता येईल, मत देता येईल, इतकंच. नॉमिनी म्हणजेही मालक नव्हे. काकांच्या पश्चात सोसायटी तुमच्या नावावर नोंद करेल, पण मालकी ठरते वारसाहक्कानं. हयातीत हिस्सा द्यायचा तर बक्षीसपत्र. नवऱ्यानं बायकोला राहतं घर किंवा त्यातला हिस्सा बक्षीस दिला तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. निम्म्या हिश्शाचंही करता येतं.

मुल्ला भाभी, ए-३०२: दोनशे? माझ्या मिस्टरांना हे माहीत होतं का, विचारते.

कांबळे मॅडम, सी-२०२: आमचा माझ्याच नावावर आहे, कर्ज पण माझ्याच. दोन्ही अभिनंदनं स्वीकारते.

देसाई काका, सी-३०१: एका मालिकेवरून कुठल्या कुठे गेला विषय. माझा म्हणायचा मुद्दा फक्त संस्कृतीचा होता.

देसाई काकू, सी-३०१: पाटील वहिनी, सहयोगी-बिहयोगी नको. बक्षीसपत्राला कागद काय काय लागतात?

ॲड. पाटील, ए-२०३: मूळ खरेदीखत, त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, घरफाळ्याची चालू पावती, दोघांची आधार आणि पॅन, दोन साक्षीदार. शनिवारी संध्याकाळी या. सही काकांची लागेल, त्यांनाही घेऊन या.

देसाई काकू, सी-३०१: आणतो की.