हजार युरो पाठवले, मग १०५२ डॉलरच का पोचले?

मावशी: कोणीतरी मला नीट समजावून सांगा रे. लेकीच्या रूमच्या भाड्याचे १००० युरो सोमवारी बँकेतून पाठवले, ट्रान्सफर फी शून्य असं स्क्रीनवर स्पष्ट लिहिलेलं. गुगलवर बघितलं तेव्हा ११०० डॉलर होत होते. आज तिच्या खात्यात १०५२ आले, आणि घरमालकीण म्हणतेय भाडं १०७० आहे, १८ कमी पडले ते भरा. पोरगी रडकुंडीला आलीय

दादा: मावशी पावतीचा फोटो टाक, रेट लिहिलेला दिसेल असा

मावशी: (फोटो)

दादा: हे बघ, खालून तिसरी ओळ, बारीक अक्षरात. दर १.०७. तू गुगलवर बघितलास तो १.१०, तो खरेदी आणि विक्रीच्या भावाच्या मधला दर असतो, बँका आपापसात साधारण त्याच्या आसपास व्यवहार करतात. तुला तो दिलाच नाही. युरोमागे ३ सेंट तिथेच कापले, हजारावर झाले ३० डॉलर. फीच्या रकान्यात शून्य लिहायला मग काय जातंय

मामा: बरं ते ३० झाले. मग १८ कुठे गेले?

दादा: ते वाटेत गेले मामा. स्विफ्टने पैसे जातात असं आपण म्हणतो पण स्विफ्ट म्हणजे फक्त बँकांमधली निरोपाची व्यवस्था, १९७३ पासूनची, मुख्यालय बेल्जियममध्ये. पैसे खरे सरकतात ते बँकांच्या एकमेकींकडे असलेल्या खात्यांमधून. दोन बँकांचा थेट संबंध नसला की मध्ये तिसरी बँक लागते, कधी कधी चौथीही, आणि ती स्वतःची फी त्या रकमेतूनच कापून पुढे पाठवते. फॉर्मवर ओयूआर, एसएचए, बीईएन असे तीन पर्याय असतात ना, तो खर्च कोणी सोसायचा याचेच ते. ओयूआर म्हणजे सगळा पाठवणाऱ्याने, बीईएन म्हणजे सगळा घेणाऱ्याने, एसएचए म्हणजे वाटून. मावशीच्या पावतीवर एसएचए आहे

मावशी: मला कोणी विचारलंच नाही, आधीपासून टिक केलेलं होतं

ताई: मावशी मी दर महिन्याला पाठवते, माझं ऐक. फी किती, रेट किती हे वेगवेगळं बघतच बसू नकोस, एकच आकडा बघ, समोरच्याच्या हातात शेवटी किती पडणार. दोन तीन ॲप उघड, बँकेचं पण उघड, सगळीकडे १००० टाक आणि एकाच मिनिटात बघ कारण दर हलत असतो. आत्ता मी केलं, एका ॲपने ६ युरो फी दाखवली पण दर १.१० चाच दिला, म्हणजे ९९४ युरोचे १०९३.४० डॉलर. तुझ्या शून्य फीपेक्षा ४१ डॉलर जास्त

काका: ६ युरो फीवाला स्वस्त आणि शून्यवाला महाग, कमाल आहे. पण ह्या ॲपवाल्यांना परवडतं कसं?

ताई: काका त्यांची बहुतेक वेळा दोन्हीकडे खाती असतात. तुमचे युरो त्यांच्या युरोच्या खात्यात जमा होतात, तिकडच्या डॉलरच्या खात्यातून डॉलर दिले जातात, तुमचे पैसे सीमा ओलांडतच नाहीत. वाइज नावाची पैसे पाठवायच्या ॲपची कंपनी आहे, तिची सुरुवात अशीच झाली. लंडनमधले दोन एस्टोनियन मित्र, एकाचा पगार युरोत आणि खर्च पाउंडात, दुसऱ्याचा पगार पाउंडात पण घराचा हप्ता युरोत. पाउंड कमावणाऱ्याने मित्राच्या खात्यात पाउंड भरायचे, युरो कमावणाऱ्याने त्याच्या खात्यात युरो, मधल्या दराने. त्यातून २०११ मध्ये ट्रान्सफरवाइज निघाली, २०२१ मध्ये नाव वाइज केलं. पण म्हणून डोळे मिटून तीच घ्या असं मी म्हणणार नाही, चलनाची जोडी बदलली की स्वस्त कोण हेही बदलतं

दादा: वर्ल्ड बँक २०० आणि ५०० डॉलर पाठवायला किती खर्च येतो ते देशादेशांचं गोळा करते, त्यात बँकाच सगळ्यात महाग निघतात. सरासरी खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं २०३० चं उद्दिष्ट आहे, २०२४ मध्येही ती ६ च्या वरच होती. आणि हा भार पडतो कोणावर, तर घरी थोडे थोडे पैसे पाठवणाऱ्यांवर, कारण ठरावीक फी लहान रकमेला जास्त लागते

काका: माझ्या ओळखीचा एकजण इकडे रोख पैसे घेतो आणि तिकडे देतो, काही कापत नाही म्हणतो

ताई: नको काका, प्लीज. पावती नाही, बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, आणि उद्या मुलीला बँकेने विचारलं पैसे कुठून आले तर ती काय दाखवणार? ॲप घेतानाही त्या देशाच्या नियामकाच्या यादीत कंपनीचं नाव आहे का ते आधी तपासा

दादा: अजून एक, ॲपमध्ये क्रेडिट कार्डाने भरू नका, कार्डवाला त्याला रोख उचल धरून वेगळी फी आणि पहिल्या दिवसापासून व्याज लावू शकतो. बँक खात्यातूनच द्या. आणि शनिवार रविवारी बाजार बंद असतो म्हणून काही ॲप दरात थोडं जास्त कापून ठेवतात, घाई नसेल तर कामाच्या दिवशी पाठवा

मावशी: ताईने सांगितलेलं ॲप घेतलं, नियामकाच्या यादीत नाव सापडलं, ओळखपत्राचा फोटो मागितला तो दिला. आता ते राहिलेले १८ पाठवायचेच आहेत तर २० युरो टाकून बघते, २१.१२ डॉलर मिळतील असं दाखवतंय

ताई: छान, पहिल्यांदा लहानच रक्कम पाठव. नाव तिच्या बँकेत आहे अगदी तस्संच लिही

मावशी: लेकीचा मेसेज आला, २१.१२ च पोचले, एक सेंट कमी नाही. घरमालकिणीला लगेच १८ दिले तिने

मामा: अगं रविवारी सकाळी फोन कर मला, माझ्या मागच्या वर्षीच्या सगळ्या पावत्या काढून ठेवतो, प्रत्येकीवर दर काय लावलाय ते बघायचंय