मदत हवी आहे : बाप्तिस्मा दुसऱ्यांदा घेतला तर चालतं का? रविवारी उत्तर द्यायचंय

अर्धीवाट
जय ख्रिस्त. थोडक्यात लिहिते, वेळ नाही. रविवारी पाळकसाहेबांना हो की नाही ते कळवायचंय. दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणं पाप आहे का? पहिला वाया जातो का? आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय. वचनं असतील तर अध्याय-ओवीसकट द्या. 'प्रार्थना करा' एवढंच कृपया लिहू नका, ती चालूच आहे.

नोंदवही
ताई, पहिला कुठे झाला? कितव्या वर्षी? बुडवून, ओतून की शिंपडून? दुसरा कोण देणार? कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, मेथॉडिस्ट आणि बॅप्टिस्ट यांची उत्तरं एकसारखी नाहीत.

नदीकाठ
एवढ्या चौकशीची गरज नाही. तान्हेपणी झाला असेल तर तो बाप्तिस्माच नव्हे. मूळ ग्रीक क्रियापद 'बाप्टिझो', म्हणजे बुडवणे. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये 8:38 पाहा, फिलिप आणि इथिओपियाचा षंढ अधिकारी दोघेही पाण्यात उतरले. रोमकरांस 6:4 मध्ये ख्रिस्ताबरोबर पुरलं जाण्याची गोष्ट आहे. पुरताना डोक्यावर चिमूटभर माती टाकून कुणी थांबत नाही. मी स्वतः 31व्या वर्षी घेतला. पाण्याखालचा तो क्षण आजही अंगावर आहे. तुम्ही दुसरा नव्हे, पहिलाच घेताय. बिनधास्त हो म्हणा.

जुनीपानं
नदीकाठ, इतकं सोपं असतं तर दीड हजार वर्षं कुणाला कळलं नसतं का? 'दिदाखे' हे पहिल्या शतकाच्या शेवटाचं किंवा त्यानंतर लगेचचं, ख्रिस्ती मंडळीच्या शिकवणीचं लिखाण. त्यात सांगितलंय, वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, थंड नसेल तर कोमट, आणि पुरेसं पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. म्हणजे ओतणं ही नंतरची पळवाट नाही. तान्ह्या मुलांचं म्हणाल, तर कृत्ये 16 मध्ये लुदियाचं अख्खं घराणं आणि तुरुंगाच्या नायकाचं अख्खं घराणं बाप्तिस्मा घेतं.

नदीकाठ
घराण्यात तान्हं बाळ होतं असं लिहिलंय कुठे? सन 200च्या सुमारास ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यनने मुलांच्या बाबतीत थांबा असंच सांगितलं होतं.

जुनीपानं
मुलांना देत होते, म्हणूनच थांबा म्हणावं लागलं.

अर्धीवाट
तुमचा वाद नंतर चालू द्या, मला रविवार गाठायचाय. तान्हेपणी झाला, ओतून. गेली सहा वर्षं ज्या मंडळीत जाते तिथे सभासद व्हायचं तर बुडी घ्यावी लागते. प्रभुभोजनही, म्हणजे भाकर-द्राक्षारस, सभासदांनाच मिळतं.

शुभ्रफूल
अभिनंदन ताई! पांढरा झगा असेल तर आत गडद कपडे घाला, ओला झाला की आरपार दिसतं. झग्याच्या काठाला आतून थोडं वजन शिवून घ्या, नाहीतर तो पाण्यावर तरंगतो. मागे झुकताना गुडघे वाकवा म्हणजे पाळकांच्या हातावर भार येत नाही. कोरडे कपडे दोन जोड न्या.

नोंदवही
तान्हेपणी म्हणजे कोणत्या चर्चमध्ये? दाखला आहे का? नसला तरी तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असते, तारीख सांगितली की उतारा मिळतो.

अर्धीवाट
नोंद नाही. चर्चमध्ये झालाच नाही. मला वाटलं हे सांगायची गरज नाही.
मी सातव्या महिन्यात जन्मले. आई ऑपरेशननंतर शुद्धीवर नव्हती. ही रात्र काढणार नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आजीने भांड्यातलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं आणि बाप्तिस्मा दिला. पुढे घराणं वेगळ्या मंडळीत गेलं, चर्चमध्ये विधी करायचा राहून गेला. आजी चार वर्षांपूर्वी गेली. आईचं म्हणणं, तू बुडी घेतलीस तर आजीने त्या रात्री काही केलंच नाही असं जगाला सांगतेस.

नोंदवही
हे आधी सांगितलं असतंत तर! आजीने केलं ते कॅथलिक नियमाला धरून आहे. मरणाचा प्रसंग असेल तर कुणीही देऊ शकतं, चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू मात्र हवा. कॅथलिक चर्चच्या 1983च्या कायदेसंहितेत नियम 861 पाहा. खरं पाणी हवं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने ते शब्द हवेत. शब्द फार जपून पाहतात. ऑगस्ट 2020 मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की 'मी तुला' ऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' म्हटलं तर तो ग्राह्य नाही. आजी नेमकं काय म्हणाल्या ते ऐकणारं कुणी होतं का?

एकनाम
शब्दांवर आलोच आहोत तर कृत्ये 2:38 वाचा. येशू ख्रिस्ताच्या नावाने, एवढंच पेत्र सांगतो. तिन्ही नावं घेतली असतील तर बुडवलं काय नि ओतलं काय, पुन्हा घ्यायलाच हवा.

जुनीपानं
मत्तय 28:19 मध्ये प्रभू स्वतः तिन्ही नावं घेतो. ताईंना आणखी गोंधळात टाकू नका. बाकी एक सांगतो, आणीबाणीच्या बाप्तिस्म्यावर सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारणावाद्यांचंही एकमत नव्हतं. लूथरला तो मान्य होता. कॅल्विनला सुईणीने किंवा घरच्या बाईने देणं पटत नव्हतं. देवाचं वचन बाळाला आधीच धरून आहे, घाई कशाला, असं त्याचं म्हणणं.

पहाटतारा
बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांबद्दल कुणाला धास्ती असेल तर सांगते, कॅथलिक ईश्वरशास्त्रीय आयोगाने 2007 मध्ये त्यांच्या तारणाची आशा धरायला ठोस आधार आहे असं म्हटलंय. माझं पहिलं बाळ गेलं तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

अर्धीवाट
पहाटतारा ताई, विचारलं नव्हतं तरी सांगितलंत, बरं वाटलं. आईलाही वाचून दाखवते.
नोंदवही, मावशी त्या खोलीत होती. आत्ता फोन केला. ती म्हणते, आजीने तीनदा पाणी ओतलं आणि "मी तुला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते" असं म्हणून मग रडायला लागली.

नोंदवही
मग कॅथलिक पाळकांनी तुमचा बाप्तिस्मा ग्राह्य धरला असता. नियम 876 प्रमाणे कुणाचा हक्क बुडत नसेल तर भरवशाच्या एका साक्षीदाराचा शब्द पुरतो. चौकशी करूनही शंका उरली असती तरच 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर' अशा अटीवर दिला असता. पुन्हा देत नाहीत.

नदीकाठ
पण ताई कॅथलिक मंडळीत जातच नाहीत! आणि पुन्हा देणं शास्त्राबाहेर आहे असंही नाही. कृत्ये 19 मध्ये इफिसच्या सुमारे बारा जणांचा, येशूआधी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा, बाप्तिस्मा झालेला होता, तरी त्यांनी नव्याने घेतला. झुरिचमध्ये जानेवारी 1525 मध्ये पहिल्यांदा मोठ्या माणसांनी एकमेकांना दिला आणि 5 जानेवारी 1527ला त्यांच्यातल्या फेलिक्स मांत्झला त्यापायी लिमात नदीत बुडवून मारलं. माणसांनी यासाठी जीव दिलाय.

जुनीपानं
इफिसचे लोक ख्रिस्ताच्या नावाने दुसऱ्यांदा घेत नव्हते, तिथे योहानाचा आणि ख्रिस्ताचा असे दोन वेगळे आहेत. इफिसकरांस 4:5 म्हणतं, एकच बाप्तिस्मा. जागतिक चर्च परिषदेच्या 1982च्या लिमा दस्तऐवजातही तो पुन्हा करायचा नसतो असंच आहे. मांत्झला मारणं मात्र घोर पाप होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मागचाबाक
इतका वेळ वाचत होतो. ताई, 'दुसऱ्यांदा चालतं का' याचं उत्तर दोन्ही बाजूंना 'नाही' असंच आहे. एकच बाप्तिस्मा, हे नदीकाठही मानतात आणि जुनीपानंही. आजीचा खरा मानलात तर आताची बुडी म्हणजे नुसतं ओलं होणं. बुडी खरी मानलीत तर आजीचं ते पाणी म्हणजे तिची प्रार्थना, बाप्तिस्मा नव्हे. दोन्ही खरे मानणारी शिकवण मला तरी सापडलेली नाही. म्हणून आई जे म्हणते ते नुसतं भावनेतून नाही, तिने नेमकं बोट ठेवलंय. तुम्ही स्वतः काय मानता?
आणि पाळकांना एक विचारा, विश्वासाच्या साक्षीवर सभासद करून घेता का? बुडीवाल्यांमध्येही हे नवं नाही. पाण्याच्या बाप्तिस्म्यावरचा मतभेद सहभागितेच्या आड येऊ नये, असं इंग्लिश धर्मोपदेशक जॉन बनियनने 1673 मध्येच मांडलं होतं.

अर्धीवाट
दोनदा वाचलं. रात्रभर उत्तर शोधत होते, पहाटे सापडलं. मी विश्वासात आले ती आजीने ओतलेल्या पाण्यापासूनच. तेव्हा मला काही कळत नव्हतं हे खरं आहे, पण जगेन हेही कळत नव्हतं. तो खोटा होता असं माझ्या तोंडून निघणार नाही.
पाळकसाहेबांना फोन केला. साक्षीवर घेता येईल का विचारलं. वडीलमंडळींपुढे ठेवतो म्हणाले, रविवारची घाई नाही म्हणाले. नाही म्हणाले तर सभासद न होता जात राहीन, प्रभुभोजनाच्या वेळी बसून राहायला मात्र फार जड जातं. आईला सांगितलं, ती बोलली.

नदीकाठ
मला पटलेलं नाही. पण तुम्ही विचार करून बोललात, त्याचा मान राखतो.

ओलीवाट
इथेच विचारते, माफ करा. माझे वडील अंथरुणाला खिळलेत. आयुष्यभर नको म्हणाले, काल स्वतःहून बाप्तिस्मा मागितला. बुडवता येणार नाही. चालेल का?

जुनीपानं
चालेल. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याला हेच विचारलं होतं, आजाऱ्यांना अंथरुणावर पाणी शिंपडून दिलेला पुरेसा आहे का. त्याने हो म्हटलं.

नदीकाठ
दोघांनी उचलून टबात ठेवून दिलेला मी पाहिलाय. तसं जमेल का?

ओलीवाट
नाही हो. नळ्या लावल्यात, कूसही बदलता येत नाही.

नदीकाठ
मग ओता. आजच पाळकांना बोलवा, उद्यावर टाकू नका.