जुन्या व्हॅनचा एअरबॅगचा दिवा विझत नाही, मदत हवी आहे

राम राम मंडळी. मी चोपड्याचा. दिवाळीनंतर जळगावहून सेकंडहँड व्हॅन घेतली. चावी फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा लागतो, तो काही सेकंदांत विझायला हवा ना? माझा तसाच राहतो. स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं की हॉर्नही बंद पडतो, म्हणून स्टेअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगवर (स्टेअरिंग फिरलं तरी हॉर्न-एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी) संशय आहे. पण ड्रायव्हरचा सीटबेल्टचा पट्टाही ओढल्यावर अर्ध्यात अडकतो आणि परत गुंडाळत नाही. गाडी आधी ठोकलेली असून पट्ट्याचा प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा झटक्यात आवळणारा भाग) उडालेला असेल का? विकणारा म्हणतो, "भाऊ, फक्त बल्ब काढून टाका." म्हणजे आजार तसाच, थर्मामीटर फेकायचा!

मोबाईलला जोडायचा स्वस्त स्कॅनर लावला, त्यात इंजिनच्याच बिघाडाचे कोड दिसतात, एअरबॅगचे नाही. सीटखाली एअरबॅगच्या वायरिंगचा पिवळा कनेक्टर आहे, त्यावर केळीच्या वाळलेल्या पानांचा भुगा साचलाय. बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावणार नाही, आणि मल्टिमीटर तर लावणारच नाही, चुकून एअरबॅग उडायची.

जळगाव-भुसावळकडे एअरबॅगचे कोड वाचणारा भरवशाचा इलेक्ट्रिशियन कुणाला माहीत आहे का? आणि जुना पट्टा भंगारातून घ्यावा की नवाच?