फेसबुकवरून बातम्या हटवल्या तर अफवा कमी होतील की वाढतील?

मांडवीकर
कॅनडात ऑगस्ट २०२३ पासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातमीची लिंक दिसत नाही. बातम्यांबद्दल वृत्तसंस्थांना मोबदला द्या, असा कायदा तिथल्या सरकारने केला. या दोन्हींची मालक कंपनी मेटाने पैसे द्यायचे सोडून बातम्याच काढून टाकल्या. त्याच महिन्यात वणव्यामुळे सुमारे २० हजार वस्तीचं यलोनाइफ शहर रिकामं करायची पाळी आली. लिंक चालेना म्हणून लोक बातम्यांचे स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवू लागले. मूळ बातमीत तासाभराने दुरुस्ती झाली तरी स्क्रीनशॉट काही बदलत नाही. आपल्याकडे असं कुणी केलं, सरकारने म्हणा वा कंपनीने, तर मोकळ्या जागेत काय भरेल ते सांगायला नको.

जुना रावपुरा
काही होणार नाही. चार माणसं सकाळचा पेपर नीट वाचतील. फेसबुकवर बातमी वाचतो म्हणणारे मथळा वाचतात आणि खाली भांडत बसतात. सप्टेंबर २०१४ आठवा. फेसबुकवरच्या एका आक्षेपार्ह फोटोवरून आपल्या बडोद्यात दंगल पेटली, शेवटी मोबाइल इंटरनेट बंद करावं लागलं. मी तर म्हटलं, बरं झालं.

मांडवीकर
बरं कसलं, काका? नेट बंद झालं, तोंडं कुठे बंद झाली? 'तिकडे दगडफेक सुरू झाली' असे फोन येतच होते. आणि खरं की खोटं बघायला हातात काही नाही.

अकोटा पूल
ऑगस्ट २०२४ चा पूर घ्या. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काळा घोडा पुलाच्या पातळीचे दोन आकडे फिरत होते, एक सकाळचा, एक रात्रीचा, आणि दोन्हींखाली 'आत्ताची पातळी'! तळमजल्यावरच्या मावशींनी सकाळच्या आकड्यावर भरवसा ठेवून फ्रिज खालीच ठेवला. मगरींचे जुने व्हिडिओ तर विचारूच नका. त्या गोंधळात कामाला आलं ते एका स्थानिक पत्रकाराचं फेसबुक लाइव्ह. पोरगा पुलाजवळ उभा राहून पातळीची पट्टीच दाखवत होता. रावपुरा काका, त्या दिवशी पेपरवाला तुमच्याकडे आला होता का?

जुना रावपुरा
नव्हता आला. पण ते जुने व्हिडिओ कुठून आले, तेही सांगा की! एक पोरगा खरं दाखवणार म्हणून शंभर जणांचा कचरा सोसायचा? शिवाय वीज गेली, फोन मेला की तुमचं लाइव्ह काय कामाचं? माझा सेलवरचा रेडिओ चालू होता.

कारेलीबागवाली
तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडताय. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात निरोप पुढे पाठवायला पाच चॅटची मर्यादा घातली. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांना ठेचून मारलं, त्यानंतरची ही गोष्ट. २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, आणि अशा निरोपांचं फिरणं ७० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीच सांगते. यात कुणाचं बोलणं बंद झालं नाही, नुसता वेग कमी झाला. बातमी देणाऱ्यालाच हटवणं हा निराळा प्रकार. सरकारबद्दलची कुठली माहिती खोटी हे सरकारी कक्षानेच ठरवायचं, ही तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवली, ते मला पटलं. चोरानेच पंचनामा करायचा का?

जुना रावपुरा
सरकारला चोर म्हणालात, लिहून ठेवतो :) कंपनीने हटवलं तर मात्र माझी ना नाही. माणसं झक मारत मूळ साइटवर जातील.

सुरसागर
नाही ना गेली. कॅनडात वर्षभराने पाहणी झाली, तर बातम्या बंद आहेत हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपण बातम्या बघतोय. सगळ्यात जास्त मार बसला तो गावोगावच्या लहान वृत्तसंस्थांना.

जुना रावपुरा
पण तिथेच गूगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर कबूल केले आणि त्यांच्याकडे बातम्या राहिल्या, हे का नाही सांगत? दोष कायद्याचा नाही, मेटाच्या मुजोरीचा आहे.

अकोटा पूल
मुजोरी आहेच. पण असा कायदा इथे आला तर पैसे मोठ्या पेपरांना आणि चॅनेलांना मिळतील, आणि मेटाने हटवलं तर पान त्या पुलाजवळच्या पोराचंही जाईल. त्याच्या नावावर ना संस्था, ना नोंदणी. त्याला कुठल्या रकान्यात बसवणार, ते आधी सांगा.