नोड २२: नेटिव्ह अ‍ॅड-ऑनमध्ये एसएसएल_सीटीएक्स मागितला की शून्य पॉइंटर येतो

प्रश्न

लिनक्स, नोडची (नोड.जेएस, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) अधिकृत बायनरी. एसएसएल_सीटीएक्स म्हणजे ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीचा जोडण्यांची सेटिंग्ज ठेवणारा ऑब्जेक्ट. क्लायंट हॅलोमध्ये (टीएलएस हँडशेकचा पहिला संदेश) आमचं खाजगी टीएलएस एक्स्टेंशन (क्रमांक ६५४००) पाठवायचं आहे. टीएलएस मॉड्यूलमध्ये तसा पर्याय नाही, म्हणून सी++ अ‍ॅड-ऑनमधून एसएसएल_सीटीएक्स_अ‍ॅड_कस्टम_एक्स्ट कॉल करतोय. पॉइंटर मिळवायला क्रिएटसिक्युअरकॉन्टेक्स्टने दिलेल्या ऑब्जेक्टच्या .कॉन्टेक्स्टवरचं _एक्स्टर्नल वाचतो आणि ते नोड-एपीआयच्या (अ‍ॅड-ऑन लिहायचा नोडचा स्थिर इंटरफेस) नॅपी_गेट_व्हॅल्यू_एक्स्टर्नलला देतो. नोड १६ वर हे चालायचं. २२ वर स्टेटस नॅपी_ओके येतो, पण पुढच्याच ओळीला सेगफॉल्ट. जीडीबी डीबगरमध्ये सीटीएक्स ०x० दिसतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र _एक्स्टर्नल व्यवस्थित छापलं जातं.

उत्तर १

पॉइंटर बरोबर आहे, वाचायची पद्धत चुकतेय. _एक्स्टर्नल हे नोडने आतून बनवलेलं साधं व्ही८::एक्स्टर्नल आहे (व्ही८ हे नोडचं जावास्क्रिप्ट इंजिन, एक्स्टर्नल म्हणजे सी++ पॉइंटर धरणारं मूल्य), त्याच्या पोटात थेट एसएसएल_सीटीएक्सचा पत्ता. नोड-एपीआयने नव्या आवृत्त्यांत एक्स्टर्नलला टाइप टॅग लावायची सोय केली, तेव्हापासून त्याचे स्वतःचे एक्स्टर्नल एका छोट्या वेष्टनात असतात. नॅपी_गेट_व्हॅल्यू_एक्स्टर्नल समोर आलेलं प्रत्येक एक्स्टर्नल आपल्याच वेष्टनातलं आहे असं धरून चालतं आणि त्याचं पहिलं फील्ड काढून देतं.

म्हणजे तुमच्या हातात एसएसएल_सीटीएक्सचे पहिले आठ बाइट आले. ओपनएसएसएल ३ मध्ये त्या जागी लिबसीटीएक्स असतो आणि डीफॉल्ट लायब्ररी कॉन्टेक्स्ट वापरताना तो नल असतो. म्हणून इतकं स्वच्छ शून्य. तिथे दुसरं काही असतं तर शोधायला दोन दिवस गेले असते.

उपाय: हा भाग नोड-एपीआयत लिहू नका. नोड_मॉड्यूल_इनिट वापरून सरळ व्ही८ मध्ये लिहा: गेटने प्रॉपर्टी घ्या, इझएक्स्टर्नल तपासा, मग कास्ट करून .व्हॅल्यू(). किंमत अशी की अ‍ॅड-ऑन नोड_मॉड्यूल_व्हर्जनला (नोडच्या बायनरी इंटरफेसचा क्रमांक) बांधला जातो. नोड २० ला ११५, २२ ला १२७, २४ ला १३७; प्रत्येकासाठी वेगळं बिल्ड.

पॉइंटर ठेवून द्यायचा असेल तर लगेच एसएसएल_सीटीएक्स_अप_रेफ करा आणि काम झालं की एसएसएल_सीटीएक्स_फ्री. नाहीतर जीसीने (गार्बेज कलेक्टर) सिक्युअरकॉन्टेक्स्ट उचलला की तुमच्याकडे मेलेला पत्ता उरतो.

उत्तर २

इंटर्नल फील्डमधून सिक्युअरकॉन्टेक्स्टचा सी++ ऑब्जेक्ट काढायचा सल्ला कुठे वाचलात तर तिकडे फिरकू नका. त्या क्लासचं हेडर नोड देत नाही. बेसऑब्जेक्टचा (त्याचा मूळ क्लास) पत्ता आधी फील्ड ० मध्ये होता, नंतर तिथे एम्बेडर टाइप आला आणि पत्ता १ वर सरकला. शिवाय अंडरस्कोरने सुरू होणारं _एक्स्टर्नलसुद्धा सार्वजनिक एपीआय नाहीच. मिळालं नाही तर अ‍ॅड-ऑनने सभ्यपणे एरर फेकावी.

बाइंडिंग.जिपमध्ये (अ‍ॅड-ऑनची बिल्ड फाइल) लायब्ररीजखाली -एलएसएसएल लिहिलंय का? असेल तर काढा. नोडच्या बायनरीत ओपनएसएसएल स्टॅटिक असतं आणि त्याची चिन्हं बाहेर दिसतात, अ‍ॅड-ऑनने तीच वापरायची. मॅकवर स्वतःची प्रत लिंक केली तर एका प्रतीने बनवलेला एसएसएल_सीटीएक्स दुसऱ्या प्रतीच्या फंक्शनला जातो.

डेबियनच्या पॅकेजमधला नोड सिस्टिमच्या ओपनएसएसएलवर बांधलेला असतो. प्रोसेस.कॉन्फिग.व्हेरिएबल्स.नोड_शेअर्ड_ओपनएसएसएल ट्रू असेल तर नोड-जिपने उतरवलेली हेडरं आणि चालू लायब्ररी यांची आवृत्ती वेगळी असू शकते. इनिटमध्ये हेडरमधला ओपनएसएसएल_व्हर्जन_नंबर चालू लायब्ररीच्या आवृत्तीशी ताडून पाहा; मेजर जुळत नसेल तर लोडच होऊ देऊ नका. इलेक्ट्रॉनवर हा खटाटोप करूच नका, तिथे ओपनएसएसएलऐवजी बोरिंगएसएसएल ही वेगळी लायब्ररी आहे.

प्रश्नकर्ता

व्ही८ मधून घेतल्यावर पॉइंटर आला, फंक्शन १ परत देतं. पण वायरशार्कमध्ये (नेटवर्कचे पॅकेट दाखवणारं साधन) काही जोडण्यांत ६५४०० दिसतं, काहींत नाही. आणि सॉकेटचा 'सेशन' इव्हेंट यायचा बंद झाला.

उत्तर १

पहिल्याची दोन कारणं संभवतात. एसएसएल_न्यूच्या वेळी कस्टम एक्स्टेंशनची यादी सीटीएक्समधून एसएसएलमध्ये नकलली जाते, त्यामुळे टीएलएस.कनेक्ट झाल्यावर जोडलेलं त्या जोडणीला लागू होत नाही. दुसरं, जिथे सिक्युअरकॉन्टेक्स्ट हा पर्याय दिलेला नाही तिथे नोड स्वतःचा नवा कॉन्टेक्स्ट बनवतो. तुमचा कॉन्टेक्स्ट एकदाच बनवा, एक्स्टेंशन जोडा, मग तोच सगळीकडे द्या.

'सेशन' बंद पडलं म्हणजे कुठेतरी एसएसएल_सीटीएक्स_सेस_सेट_न्यू_सीबी कॉल होतोय. ती जागा नोडची आहे, सेट_अ‍ॅप_डेटाचीही. अ‍ॅप डेटा म्हणजे एक्स डेटाचा शून्य क्रमांक, तिथे नोड आपल्या ऑब्जेक्टचा पत्ता ठेवतो. त्यावर लिहिलंत तर प्रोसेस जाऊ शकते. स्वतःची माहिती ठेवायला एसएसएल_सीटीएक्स_गेट_एक्स_न्यू_इंडेक्सने नवा क्रमांक घ्या. तुमच्या कामाला तर त्याचीही गरज नाही, कॉलबॅकला मिळणारा अ‍ॅड_आर्ग पुरतो.

प्रश्नकर्ता

खरंच, जुन्या कोडमधला सेस_सेट_न्यू_सीबी राहून गेला होता. काढल्यावर इव्हेंट परत आला. एचटीटीपीएस एजंट (विनंत्यांसाठी जोडण्या सांभाळणारा ऑब्जेक्ट) असताना कॉन्टेक्स्ट कुठे द्यायचा?

उत्तर २

एजंट बनवतानाच द्या, आणि या कामाला वेगळा एजंट ठेवा. एजंट मोकळी सॉकेट्स ज्या नावाखाली ठेवतो ते होस्ट, पोर्ट, सीए, सर्टिफिकेट वगैरेंवरून बनतं. सिक्युअरकॉन्टेक्स्ट त्यात धरलेला नाही. सामाईक एजंट असेल तर एक्स्टेंशनशिवाय उघडलेलं जुनं सॉकेट तुमच्या विनंतीला मिळू शकतं.

अ‍ॅड कॉलबॅकमधून (एक्स्टेंशनचे बाइट मागणारं तुमचं फंक्शन) जावास्क्रिप्ट कॉल करू नका. तो हँडशेक चालू असतानाच, टीएलएसरॅपच्या (नोडचा टीएलएस जोडणी चालवणारा सी++ क्लास) पोटातून येतो. तिथून कुणी सॉकेट डिस्ट्रॉय केलं की पायाखालची जमीन गेली. बाइट आधीच बफरमध्ये तयार ठेवा. १ परत दिला की एक्स्टेंशन जातं, ० दिला की वगळलं जातं, -१ दिला की हँडशेक तुटतो. सर्व्हरचं उत्तर वाचायचं असेल तर अ‍ॅड_कस्टम_एक्स्टच्या कॉन्टेक्स्ट फ्लॅगमध्ये क्लायंट_हॅलोसोबत टीएलएस१_३_एन्क्रिप्टेड_एक्स्टेंशन्सही घाला, टीएलएस १.२ साठी टीएलएस१_२_सर्व्हर_हॅलो. क्रमांक ६५२८० ते ६५५३५ खाजगी वापराला राखीव आहेत, मात्र ६५२८१ रीनिगोशिएशन इन्फोने घेतलाय; तो दिलात तर फंक्शन ० परत देईल.