अनुभव धागा : देवाने धरलेला हात, कोकणातल्या साक्षी

बायबलमधील स्तोत्र १३६ मध्ये २६ वचने आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’ हे एकच पालुपद येते. सृष्टीच्या निर्मितीबरोबरच इस्राएल लोकांची मिसरातील (इजिप्तमधील) गुलामगिरी, रानातील भटकंती आणि शत्रूंची आठवणही त्या पालुपदाला जोडलेली आहे. म्हणूनच येथे केवळ सुखाच्या साक्षी नकोत. आपली पकड सुटली असताना देवाने आपल्याला कसे धरून ठेवले, ते प्रांजळपणे लिहावे. घरच्यांची नावे टाळावीत, गाव सांगितले तरी पुरे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या सर्वांना आग्रहाचे आमंत्रण आहे.

वसई

माझे यजमान दारूच्या पूर्ण आहारी गेले होते. वाडीतल्या केळीचे पैसे घरी पोहोचण्याआधीच संपत, आणि माझे लग्नातले दागिने एकेक करून गहाण पडले. माहेरची माणसे परत बोलावत होती, आणि त्यांचे चुकत होते असे मी आजही म्हणणार नाही. जिथे मारहाण आहे तिथून बाईने बाहेर पडावे, त्याने देवाचा अवमान होत नाही, हे मी आवर्जून लिहिते.

ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळातील एका प्रवचनात फादरांनी होशेय संदेष्ट्याची कथा सांगितली. दूर गेलेल्या पत्नीला त्याने पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमर सातू मोजून परत आणले. तोवर मला वाटत असे की आमच्या घरातला होशेय मीच असले पाहिजे, माझ्याच सोसण्याने हा माणूस सुटेल. त्या दिवशी कळले की यजमानांची किंमत माझ्याकडे कोणी मागितलेलीच नाही, ती कालवारीवर, येशूच्या क्रुसाच्या टेकडीवर, चुकती झाली आहे, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही. त्यानंतर मी बाटल्या लपवणे आणि शेजाऱ्यांशी खोटे बोलणे थांबवले. यजमान अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, बैठकीला जाऊ लागले, दोनदा घसरले, पुन्हा गेले. ईस्टर जागराच्या रात्री ते माझ्या शेजारी मेणबत्ती धरून उभे होते; हात थरथरत असल्यामुळे मेण सदऱ्याच्या बाहीवर सांडत होते, पण मेणबत्ती त्यांनी मला दिली नाही. बैठकीला ते आजही जातात.

कोर्लई

घरात आम्ही पोर्तुगीज वळणाची आमची बोली बोलतो, प्रार्थना मात्र मराठीत करतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा आमच्या घरावरची कौले उडाली आणि आजोबांनी लावलेल्या पोफळी मधोमध मोडल्या. देवाची दया रोज सकाळी नवी होते, हे विलापगीतातील वचन माझ्या आईने त्या आठवड्यात मोठ्याने वाचले तेव्हा मला रागच आला होता. पण ते वचन यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावरचे आहे, हे तिने दाखवले. ज्याचे सारे शाबूत आहे अशा माणसाचे ते बोलणे नाही. नवी रोपे लावली आहेत. पोफळ फळायला पाच-सात वर्षे घेते.

वसई, दुसरा अनुभव

धर्मगुरू होण्याची माझी इच्छा पूर्ण झाली नाही. गुरुविद्यालयातून मला परत पाठवण्यात आले. तेव्हा आमच्याच वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियांनी मला आधार दिला. येशूसंघात (जेझुइट धर्मसंघात) त्यांना प्रवेश मिळाला नव्हता. पुढे ते मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ साथीदारांसह क्रुसावर हुतात्मा झाले. माणसांचा नकार म्हणजे देवाचा नकार नव्हे, एवढे मला पुरले.

रत्नागिरी

मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा वडिलांनी माझ्याशी बोलणे टाकले. आमच्याच जिल्ह्यातील करजगावात १८६१ साली जन्मलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या संसाराचीही ताटातूट झाली होती आणि पती-पत्नी पुढे काही वर्षांनी एकत्र आले, हे पाळकांनी मला सांगितले होते. मी गणपतीला घरी जात असे, ओटीवर बसत असे, आई चहा आणून देई; वडील आतल्या खोलीतून बाहेर येत नसत. मला त्यांचा राग समजत होता, कारण तो प्रेमातूनच आलेला होता. शेवटच्या आजारपणात त्यांनी एका संध्याकाळी स्वतःहून विचारले, ‘तुझ्या पुस्तकात बापाबद्दल काही आहे का?’ मी स्तोत्र १०३ वाचले: बाप जशी मुलांवर ममता करतो, तशी परमेश्वर करतो. त्यांनी ते पुन्हा वाचायला सांगितले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि मी त्यांना तसा आग्रहही केला नाही. त्यांना मी देवाच्या ममतेवर सोपवले आहे.

वेंगुर्ले

आमचे मूल गेले. याहून अधिक लिहिता येणार नाही. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रात आहे, म्हणून मी उपासनेला जाऊ शकले. मला गाता येत नसे. मंडळीतल्या बायका माझ्या वाट्याचेही गात, आणि मला अजून जमत नाही त्या रविवारी त्या आजही गातात.