रोजच्या वजनाची वही : आपापले अनुभव लिहावेत

वजन उतरवायला घेतल्यावर भुकेपेक्षा जास्त मनस्ताप मला काट्यावरच्या आकड्याने दिला. काल ७९.२ आणि आज ८०.३! आदल्या रात्री दोन भाकरी आणि वरणाच्या पलीकडे काही खाल्लेले नसताना हा किलोभर आला कुठून, या विचाराने मी दोनदा सगळे सोडून द्यायला निघालो होतो. किलोभर चरबी साठायला शरीराच्या गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात, म्हणजे रोजच्या जेवणावर आणखी तीसेक भाकरी. एका रात्रीत ते होत नाही, हा हिशेब कळल्यावर मन ठिकाणावर आले. आपण वजन केव्हा करता, कोणत्या काट्यावर करता आणि चढउतार कसे वाचता, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

लातूर, अडत दुकानातील मुनीम

मोंढ्यात सोयाबीन आले की आधी ओलावा पाहिला जातो. तो १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो, कारण पोत्यात दाण्याबरोबर पाणीही तोलले जात असते. हा व्यवहार बावीस वर्षे डोळ्यांसमोर असूनही स्वतःच्या शरीराला हाच नियम लागू आहे, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

भाकरी आणि भात तोडल्यावर पहिल्याच आठवड्यात माझे अडीच किलो उतरले. पुढे भाचीच्या लग्नात दोन दिवस जेवलो आणि दोन किलो परत आले. तेव्हा एका आहारतज्ज्ञ ताईंनी समजावून सांगितले की पिष्टमय अन्नाचा साठा यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने असतो, तो साधारण अर्ध्या किलोपर्यंत भरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. म्हणजे माझ्या त्या अडीच किलोंत बहुतेक ओलावाच होता.

आता सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच बनियन-लुंगीवर मी काट्यावर उभा राहतो. रोजमेळाच्या एका कोऱ्या वहीत डाव्या पानावर रोजचा आकडा आणि उजव्या पानावर रविवारी सात दिवसांची सरासरी लिहितो. एका आठवड्यात ८१.४, ८०.९, ८१.६, ८१.०, ८२.१, ८१.३ आणि ८०.८ असे आकडे आले, सरासरी ८१.३. पुढच्या आठवड्यात एके दिवशी ८१.९ दिसले, तरी सरासरी ८०.८ निघाली. बरे-वाईट मत मी उजव्या पानावरूनच बनवतो.

परभणी, शिक्षिका

मुनीमकाकांच्या ओलाव्यात मला मिठाची भर घालायची आहे. रात्री ठेचा, पापड आणि लोणचे झाले की सकाळी माझे वजन हमखास सातशे-आठशे ग्रॅम जास्त भरते आणि दोन दिवसांत आपोआप उतरते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट बायकांनी मोकळेपणाने लिहायला हवी, म्हणून लिहिते. पाळीच्या आधीच्या चार-पाच दिवसांत माझे वजन किलो-दीड किलोने वाढते आणि पाळी सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उतरू लागते. मी जात असे त्या व्यायामवर्गात शनिवारी संध्याकाळी सर्वांसमोर वजन करून फळ्यावर लिहीत. नेमका त्याच दिवसांतला शनिवार आला आणि महिनाभर नेमाने चालूनही "ताई, तुम्ही मनावर घेत नाही" असे मला ऐकून घ्यावे लागले. त्या रात्री मी जेवले नाही आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गही सोडला. आता मी वहीत पाळीचा पहिला दिवस लाल शाईने लिहिते आणि त्यापासूनचा दहावा दिवस मागच्या महिन्यातल्या दहाव्या दिवसाशी ताडून पाहते. असे पाहिल्यावर पाच महिन्यांत एकदाही वजन वाढलेले दिसले नाही.

धाराशिव, शेतकरी

आधी काटा तपासावा, असे माझे सर्वांना आग्रहाचे सांगणे आहे. आमच्या ओसरीची जमीन शेणाने सारवलेली आहे. तिथे एका मिनिटात तीनदा चढलो तर ७६.८, ७८.१ आणि ७५.९ असे तीन आकडे आले, कारण काट्याचा एक पाय जमिनीत किंचित रुतत होता. आतल्या खोलीत शहाबादी फरशीवर ठेवल्यावर तीनही वेळा एकच आकडा आला. मात्र काही डिजिटल काटे लगेच परत चढल्यास आधीचाच आकडा दाखवतात, त्यामुळे माझी खात्री पटेना. मग युरियाची न फोडलेली गोणी आणली. काट्यावर ठेवली तर आकडा झाकला जात होता, म्हणून आधी एकटा चढलो आणि नंतर गोणी पाठीवर घेऊन, फरक ४५.१ निघाला. (युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली आहे, जुन्या हिशेबाने काट्याला दोष देऊ नये.) काटा अर्धा किलो चुकत असला तरी चालते, पण त्याने रोज तेवढेच चुकले पाहिजे.

नांदेड, टपाल वाटपाचे काम

मे महिन्यात दुपारभर सायकल फिरवून आल्यावर माझे वजन दीड किलोने कमी भरते आणि दोन तांबे पाणी प्यायल्यावर बरेचसे परत येते. तो घाम असतो, म्हणून संध्याकाळचा आकडा मी लिहीतच नाही.

अंबाजोगाई, परिचारिका

वर सर्वांनी पाण्याचे वजन निर्धास्तपणे सोडून द्यायला सांगितले आहे आणि निरोगी माणसासाठी ते योग्यच आहे. परंतु हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आम्ही रोज वजन करायला सांगतो, ते अंगात पाणी साचते आहे का, हे पाहण्यासाठीच. अशा रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले, पावलांवर बोट दाबल्यावर खळगा राहिला किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला, तर रविवारच्या सरासरीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जाताना वजनाची वही सोबत न्यावी. तारीखवार आकडे समोर असले की औषधाची मात्रा ठरवणे त्यांना सोपे जाते.